सोलापूरहून ट्राउट धरायला: होम मैदान ते तीर्थन नदी, वीकेंडचा पूर्ण प्लॅन

मार्च-एप्रिलमध्ये ऊन उतरल्यावर होम मैदानाच्या एका कोपऱ्यात चार जण नऊ फुटी काठी घेऊन हवेत पिवळी दोरी मागे-पुढे फिरवताना दिसले तर ते आम्ही. चहावाला पहिल्या दिवशी म्हणाला, "पतंग उडवूलालाय का बे?" आता तोच सांगतो कुणाचा हात चुकतोय ते. सोलापुरात बसून हिमालयातल्या ट्राउट माशाच्या फ्लाय फिशिंगची तयारी करणं वेडेपणाचं वाटेल, पण दोनदा जाऊन आल्यावर माझं पक्कं मत झालंय की ही ट्रिप नदीवर कमी आणि इथल्या मैदानावर जास्त घडते. पहिल्या वेळी आम्ही काहीच प्रॅक्टिस न करता गेलो, आणि तीन दिवसांतला अख्खा एक दिवस झाडात अडकलेले गळ सोडवण्यात गेला. तुमचा तसा जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, लांब होईल, निवांत वाचा.

आधी आपलं गळ टाकणं आणि फ्लाय फिशिंग ह्यातला फरक समजून घ्या. आपण भीमेवर नाहीतर हिप्परग्याच्या तलावावर जो गळ टाकतो त्यात शिसं असतं, शिशाच्या वजनाने दोरा लांब जातो आणि खाली कणीक किंवा गांडूळ असतं. फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी असते, तिला वजनच नसतं, ती फेकताच येत नाही. वजन असतं ते दोरीला, तिलाच लाईन म्हणतात. म्हणजे 5 नंबरच्या लाईनचा पहिला 30 फुटांचा भाग साधारण 9 ग्रॅम भरतो, ते वजन काठीला वाकवतं, काठी सरळ होताना लाईन पुढे जाते आणि माशी नुसती तिच्या मागे मागे जाऊन पाण्यावर अलगद बसते. हे एकदा डोक्यात बसलं की जोर लावायची सवय सुटते, आणि आपल्याकडच्या गळ टाकणाऱ्यांची पहिली चूक तीच असते, जोर.

ट्राउट आपल्याकडे का नाही

ट्राउटला थंड आणि ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की तिला त्रास सुरू होतो, 25 च्या आसपास तिचं जगणं अवघड. आपल्या मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा त्याच्या पुढे असतं, तेव्हा उजनीत ट्राउटचा विषयच नाही. हिमालयातसुद्धा ती मूळची नाही. इंग्रजांनी 1900 च्या आसपास युरोपातून अंडी आणून आधी काश्मीरमध्ये आणि मग 1909 च्या सुमारास कुलूच्या बाजूला ब्राऊन ट्राउट सोडली, ती तिथल्या नद्यांत रुळली. रेनबो ट्राउट मुख्यतः फार्मवर वाढवतात, नदीतही सापडते. ओळख सोपी आहे, ब्राऊनच्या अंगावर काळ्या ठिपक्यांबरोबर लाल-केशरी ठिपके आणि त्यांच्याभोवती फिकट कडं असतं, रेनबोच्या कुशीवर गुलाबी पट्टा आणि शेपटीवर पण काळे ठिपके. तिसरा एक मासा गळाला लागू शकतो, त्याला स्नो ट्राउट म्हणतात पण तो ट्राउट नाहीच, आपल्या रोहू-कटल्याच्या म्हणजे कार्पच्या घरातला आहे, आणि तोच तिथला मूळ रहिवासी. तो लागला तर विचार न करता परत सोडा, बाहेरून आणलेल्या ट्राउटमुळे त्याची जागा आधीच आकसलीये.

कधी जायचं, कसं जायचं

आम्ही तीर्थन खोरं निवडलं. हिमाचलच्या कुलू जिल्ह्यात बंजारच्या पुढे गुशैणी गाव आहे, नदी वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते, हे पार्क 2014 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. खाली लारजीला ती सैंज नदीला भेटून बियासमध्ये जाते. मुख्य नदीवर धरण नाही, म्हणून पाणी अजून नदीसारखं वाहतं. आकार पण नवशिक्याला झेपणारा, बऱ्याच ठिकाणी 25 फुटांची कास्ट म्हणजे फेक पुरते.

हिमाचलमध्ये ट्राउटच्या पाण्यात 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर बंदी असते, तो अंडी घालायचा काळ. मार्च ते ऑक्टोबर मोकळं, पण सगळे महिने सारखे नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये पाणी थंड आणि बऱ्यापैकी स्वच्छ, मे-जूनमध्ये वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं आणि दुधाळ होतं, जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका, जुलै 2023 मध्ये कुलू भागात नद्यांनी काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबर माझ्या मते सगळ्यात भारी, पाणी काचेसारखं आणि मासे थंडीच्या आधी खाऊन घेण्याच्या मागे. त्यामुळे सुट्ट्या बघताना 14 एप्रिल नाहीतर 2 ऑक्टोबर कोणत्या वारी येतोय ते आधी बघा, त्याला जोडून रजा टाका.

सोलापूरहून थेट दिल्लीला कर्नाटक एक्स्प्रेस आहे, पण एका बाजूलाच एक दिवसाच्या वर जातो, वीकेंडला ते परवडत नाही. आमचा हिशोब असा: गुरुवारी पहाटे गाडीने पुणे, दुपारचं विमान, संध्याकाळी दिल्लीत कश्मीरी गेटवरून मनालीची व्होल्वो, आणि शुक्रवारी सकाळी ऑटला उतरायचं. ऑट बोगद्याच्या आधी आहे, झोप लागली तर थेट कुलूला जाल, म्हणून कंडक्टरला बसतानाच सांगून ठेवा आणि अलार्म पण लावा. ऑटहून बंजार साधारण तासाभराचं आणि गुशैणी त्याच्यापुढे दहा-एक किलोमीटर, टॅक्सी मिळते, लोकल बस पण आहे. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार पूर्ण, रविवार सकाळ एवढं फिशिंग, रविवारी रात्रीची परतीची बस, सोमवारी रात्री सोलापूर. दोन दिवसांचा वीकेंड आणि तीन दिवस रजा, ह्यापेक्षा कमी वेळात करायला गेलात तर नुसता प्रवास होईल.

माणसं चारच न्या. पाचवा आला की टॅक्सी दोन होतात, नदीवर गोंधळ होतो, मासे पळतात. आणि चार जणांना दोन रॉड बस होतात, हे मी खर्च वाचवायला सांगत नाहीये. जोडी करायची, एकाने टाकायचं, दुसऱ्याने थोडं मागे उंचावर उभं राहून पाणी बघायचं, मासा कुठे उठला, माशी कशी वाहतेय, मागे झाड किती लांब, हे तो सांगतो. दर अर्ध्या तासाने अदलाबदल. बघणारा जेवढं शिकतो तेवढं टाकणारा शिकत नाही, आमच्यातला सगळ्यात चांगला हात आज ज्याचा आहे तो पहिले दोन दिवस जास्त करून बघतच होता.

परवाना

हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो, दिवसाच्या हिशोबाने मिळतो, फी जास्त नसते. तीर्थन खोऱ्यात नगिनीला विभागाचं ट्राउट फार्म आहे, होमस्टेवाल्याला दोन दिवस आधी फोन केला तर तो कुठे आणि कोणाकडे ते नीट सांगतो. आधार कार्डाची झेरॉक्स बरोबर ठेवा. परवान्यावर किती मासे, किती लांबीच्या वरचे, कोणत्या पट्ट्यात, हे लिहिलेलं असतं, ते चौघांनी वाचायचं, एकाने नाही. नॅशनल पार्कच्या हद्दीत शिरायला वेगळी परवानगी असते, तिकडे गळ घेऊन जाऊच नका. नदीच्या कडेला पावडर टाकून, करंट लावून मासे मारणारे कुठेही असतात, तसलं काही दिसलं तर गावातल्या लोकांना कळवा, तिथली माणसं नदीच्या बाबतीत फार जागरूक आहेत.

सामान, आणि पैसे कुठे घालायचे

रॉड 9 फुटी, 5 वेट म्हणजे 5 नंबरच्या लाईनचा, चार तुकड्यांचा. हा एकच घ्या, ट्राउटसाठी जगभर नवशिक्याला हाच सांगतात आणि उजनीच्या चिलापीलाही तो चालतो. सुरुवातीला महाग रॉडच्या मागे लागू नका, मधल्या किमतीचा कॉम्बो पुरतो, ह्या आकाराच्या नदीत रीलचं काम फक्त दोरी सांभाळायचं. पैसे घाला ते लाईनवर. वेट फॉरवर्ड फ्लोटिंग म्हणजे पुढच्या भागात वजन असलेली आणि तरंगणारी, 5 नंबर, बऱ्यापैकी चांगल्या कंपनीची. स्वस्त लाईन रीलवरून स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन निघते, दोन तासांत पाण्यात बुडायला लागते, मग तुम्हाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. आणि दुसरा खर्च पोलराईज्ड गॉगलवर. तो नसेल तर पाण्यावरच्या चकाकीत तुम्हाला मासा दिसत नाही, पायाखालचा दगड पण दिसत नाही, आणि मागून आलेला गळ डोळ्यात जाऊ शकतो. गॉगल आणि टोपी घातल्याशिवाय आमच्यात रॉडला हात लावू देत नाही.

लाईनच्या पुढे 9 फुटांचा टेपर लीडर, म्हणजे एका टोकाला जाड आणि दुसरीकडे बारीक होत जाणारा नायलॉन, 4 एक्स. त्याच्यापुढे दोन-अडीच फूट टिपेट म्हणजे माशी बांधायचा शेवटचा बारीक दोरा, 5 एक्स. एक्सचा आकडा जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक, आणि माशीच्या नंबरचंही तसंच, 12 नंबर मोठी, 18 नंबर बारकी. टिपेटची एकेक रीळ 4 एक्स आणि 5 एक्सची ठेवा, दिवसभरात लागतं. बाकी नेलकटर, टोकदार चिमटा म्हणजे दवाखान्यात असतो तसा, माशी तरंगावी म्हणून लावायचं फ्लोटंट, बारके शिशाचे मणी, आणि रबराच्या जाळीचं हातनेट. दोऱ्याच्या जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तो गेला की त्याला बुरशी लागते, म्हणून रबर.

विमानात गळ, चिमटा, कटर सगळं चेक-इन बॅगेत टाका, रॉडची नळी पण. केबिनमध्ये नेऊन सिक्युरिटीशी वाद घालत बसण्यात अर्थ नाही.

माशा जास्त नकोत. ॲडम्स 14 आणि 16, एल्क हेअर कॅडिस 14, फेझंट टेल निम्फ 14 आणि 16, हेअर्स इअर निम्फ 12, काळा वूली बगर 8 किंवा 10. पहिल्या दोन पाण्यावर तरंगणाऱ्या, निम्फ पाण्याखालच्या, आणि बगर म्हणजे बारका मासा किंवा जळू वाटावी असं काहीतरी. प्रत्येकी चार-पाच, कारण निम्म्या झाडात आणि दगडात जाणार. प्रत्येक गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून सपाट करून टाका, घरीच, निघायच्या आधी. मासा सोडायला सोपं जातं आणि तुमच्या बोटात घुसला तरी सहज निघतो.

आमच्यातला एक जण आता घरीच माशा बांधतो. त्याचं घर यंत्रमागाच्या धंद्यातलं, त्यामुळे दोऱ्याची त्याला उपजत समज आहे, किती पीळ, किती ताण, कुठे तुटेल. बारीक पॉलिस्टर धागा, कोंबड्याच्या मानेची पिसं, शेतात गळून पडलेलं मोराचं पीस, एवढ्यात त्याची निम्फ तयार होते, आणि दुसऱ्या ट्रिपला आमचा सगळ्यात मोठा ब्राऊन त्याच्याच माशीवर आला. हे मला फार आवडलं, सोलापूरच्या धाग्याने हिमालयातला मासा.

गाठी

दोनच शिका पण अंधारात जमतील एवढ्या शिका. माशी बांधायला क्लिंच: दोरा गळाच्या डोळ्यातून घालायचा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे, टोक डोळ्याजवळच्या बारक्या फटीतून आत, मग जो मोठा फास तयार झालाय त्यातून परत, थुंकीने ओलं करायचं आणि सावकाश ओढायचं. ओलं न करता ओढलं तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि तिथेच कमजोर होतो, मासा लागल्यावर तुटतो. टिपेट जोडायला सर्जन: दोन्ही टोकं एकमेकांवर चार-सहा इंच ठेवायची, एकत्रच साधी गाठ मारायची पण टोक फासातून दोनदा फिरवायचं, ओलं करून चारही बाजूंनी ओढायचं. रात्री टीव्ही बघत बघत बांधा-कापा, बांधा-कापा. नदीवर थंडीत बोटं आखडतात, तेव्हा डोकं वापरायला वेळ नसतो.

होम मैदानावरचे दोन महिने

इथे घाई करू नका. आठवड्यात तीन दिवस, वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको, हात दुखला की चुकीची सवय लागते. मातीवर नवी लाईन घासून खराब होते, म्हणून जुनी लाईन नाहीतर एकदम स्वस्तातली लाईन मैदानासाठी वेगळी ठेवा. टोकाला गळ बांधायचा नाही, लाल लोकरीचा तुकडा बांधा, दिसतो पण आणि कुणाला लागत पण नाही, संध्याकाळी पोरं खेळत असतात.

अंगठा काठीच्या वर, कोपर अंगाजवळ. बाजूने बघणाऱ्याला घड्याळ दिसतंय असं समजा, काठी पुढे 10 वर आणि मागे 1-2 च्या मध्ये, ह्याच्या बाहेर जायचं नाही. आधी लाईन जमिनीवर सरळ पसरलेली पाहिजे. काठीचं टोक खाली, सावकाश उचलायला सुरू, वेग वाढवत नेऊन मागे खटकन थांबायचं. आणि इथे वाट बघायची. लाईन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत काहीच करायचं नाही. मान वळवून बघा, लाज नको, मी अजून बघतो. सरळ झाली की पुढे वेग वाढवत आणि परत खटकन थांबा, मग लाईन खाली येताना काठी हळू खाली. मागे सरळ व्हायच्या आधी पुढे ओढलं तर चाबकासारखा फट्ट आवाज येतो, त्या आवाजाबरोबर नदीवर माशी तुटून जाते. मनगट मागे पडलं तर लाईन मागच्या मातीवर आपटते. शंभरातल्या नव्वद चुका ह्या दोनच.

नेम शिकायला आमचा उपाय सांगतो. 25 फुटांवर सोलापुरी चादर अंथरा. दहा पैकी आठ वेळा लोकर चादरीवर पडायला लागली की चादरीची घडी करून निम्मी करा. मग टॉवेल. मग जेवायचं ताट. आम्हाला ताटापर्यंत यायला सात आठवडे लागले, पण ताटावर येणारा माणूस नदीत दगडामागच्या हातभर पाण्यात माशी टाकू शकतो, आणि ट्राउट बसलेली असते ती तेवढ्याच जागेत. लांब फेकायच्या स्पर्धा करू नका, त्याचा तीर्थनवर काही उपयोग नाही.

मागे झाडं असतील तिथे रोल कास्ट लागते, लाईन मागे हवेत न टाकता काठी हळू कानाजवळ आणायची, लाईन कोपराच्या मागे लोंबू द्यायची आणि मग हातोडी मारल्यासारखं पुढे. ही मैदानावर नीट होत नाही कारण पाण्याची पकड लागते, त्यासाठी तुळजापूर रोडने हिप्परग्याच्या तलावावर जा. तिथल्या मच्छीमार सोसायटीच्या माणसांना विचारून, त्यांच्या जाळ्यांपासून लांब. सकाळी सकाळी काठाला चिलापी फिरत असते, 14 नंबरच्या निम्फवर ती लागते, आणि पहिला मासा असा घरी लागलेला असला की नदीवर हात थरथरत नाही.

नदीवर पहिला तास काठी उघडू नका

हे ऐकायला सोपं आणि करायला फार अवघड, एवढा प्रवास करून पाणी समोर आलं की कधी एकदा टाकतोय असं होतं. पण बसा. पाण्यातला एक दगड उलटा करून बघा, खाली चपट्या किड्या चिकटलेल्या असतात, शेपटीला दोन-तीन केस असलेल्या, त्याच निम्फ. बारक्या खड्यांचं नळकांडं करून आत राहणारी अळी दिसली तर ती कॅडिस नावाच्या किड्याची. डब्यातली जी माशी त्याच्या आकाराला आणि रंगाला जवळची ती पहिली बांधा. दगड परत होता तसा ठेवा.

मग मासा कुठे बसला असेल त्याचा विचार. ट्राउट कायम प्रवाहाकडे तोंड करून असते, खाणं वाहून तिच्याकडे येतं. तिला दोन गोष्टी पाहिजेत, कष्ट न करता थांबता येईल असं संथ पाणी आणि त्याच्या अगदी शेजारी खाणं आणणारा जोराचा प्रवाह. म्हणून दोन्ही पाणी जिथे घासतात ती रेघ शोधा, बहुतेक वेळा त्या रेघेवर फेसाची ओळ वाहत असते. मोठ्या दगडाच्या मागे, आणि पुढेसुद्धा, कारण पुढे पाणी दबून एक उशीसारखी संथ जागा होते. डोहात पाणी जिथून शिरतं तो कोपरा, डोह संपताना उथळ होतो ती शेपूट, झाडाची मुळं पाण्यात आलेली कड. मधलं मोठं शांत खोल पाणी दिसायला छान असतं आणि सगळे नवे लोक तिथेच टाकतात, मी तिथे सगळ्यात शेवटी जातो.

तिचं तोंड वरच्या बाजूला म्हणून तुम्ही खालच्या बाजूने जायचं. वाकून, सावकाश, सावली पाण्यावर पडू न देता, दगड न वाजवता. कपडे खाकी, मळकट हिरवे, राखाडी. आमच्यातल्या एकाचा लाल टीशर्ट होता, होमस्टेच्या भाईजींनी त्याला स्वतःचं जुनं जॅकेट दिलं आणि म्हणाले मछली देख रही है आपको.

टाकणं, वाहू देणं, उचलणं

आधी जवळची जागा, मग लांबची. काठाजवळचं पाणी तुडवत आत जाऊन लांब टाकलं तर पायाखालचे दोन मासे आधीच पळालेले असतात. माशी मासा असेल त्याच्या तीन-चार फूट प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका आणि तिला पाण्याच्या वेगानेच येऊ द्या. लाईन वेगळ्या वेगाच्या पाण्यावर पडली की माशी ओढली जाते, तिच्यामागे बारीक रेघ उठते, ती रेघ दिसली की ट्राउट येत नाही, खऱ्या किड्याला कुणी दोरीने ओढत नसतं. उपाय म्हणजे मेंड, लाईन पडल्या पडल्या काठीचं टोक अलगद उचलून लाईनचा पोटाचा भाग प्रवाहाच्या वरच्या बाजूला पलटी करायचा.

पण तीर्थनसारख्या दगडा-दगडांच्या पाण्यात सगळ्यात उपयोगी एक सोपी रीत आहे, आणि पहिल्या दिवशी हीच करा. दगडाच्या जवळ, दहा-बारा फुटांवर जा, खळाळतं पाणी असल्याने मासा तुम्हाला बघत नाही. काठी उंच धरा, पाण्यावर फक्त लीडर, लाईन जवळजवळ हवेतच. निम्फ खळग्याच्या वरच्या बाजूला टाका, काठीच्या टोकाने तिच्याबरोबर चालत या, पाच-सहा सेकंद, संपलं, परत. लीडर कुठेही अडखळला, थांबला, बाजूला सरकला, की काठी उचला. दगड असेल असं मनात येतंच, तरी उचला. आमचे निम्म्याहून जास्त मासे ह्याच रीतीने आले आणि कास्टिंग जेमतेम असलेल्यालाही आले.

तरंगणाऱ्या माशीवर मासा उठला तर झटका नको, काठी नुसती ठामपणे वर. सकाळी पाणी फार थंड असतं, ऊन डोहावर आल्यावर किडे उडायला लागतात, तेव्हा आणि संध्याकाळी शेवटचा तास कॅडिस बांधा. दुपारी बाराला जेवा, झोपा.

मासा लागल्यावर

काठी वाकलेलीच राहिली पाहिजे, दोरी सैल पडली की उलटा काटा नसलेला गळ निघतो. तो पळाला तर पळू द्या, थांबला की ओढा, प्रवाहाच्या बाजूने नाही तर काठीने आडवं काठाकडे. जास्त वेळ खेळवत बसू नका, तो दमून जातो आणि सोडल्यावरही मरतो. हात आधी पाण्यात ओले करा, मासा नेटमध्ये पाण्यातच ठेवा, चिमट्याने गळ धरून उलटा फिरवा. फोटो पाहिजे तर फोटोवाला तयार झाल्यावरच उचला, दहा सेकंद, पोटाला दाबायचं नाही, कल्ल्यात बोट नाही. मग प्रवाहाकडे तोंड करून हातात हलका धरून ठेवा, तो स्वतः शेपटी मारून जाईपर्यंत.

परवान्यात मासे ठेवता येतात, पण आम्ही चौघांनी नदीतला एकही ठेवायचा नाही असं ठरवलंय. खायला फार्मची रेनबो मिळते, ताजी. होमस्टेवर ती नुसती हळद-मीठ लावून तव्यावर देतात, बरोबर आपली शेंगाचटणी आणि कडक भाकरी न्या, ऑक्टोबरच्या थंडीत त्या जेवणाला तोड नाही. कडक भाकरी चार दिवस टिकते, नदीवर खिशात पण राहते.

पाण्याची भीती ठेवा

8 जून 2014 ला बियासमध्ये थलौटजवळ हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजची 24 मुलं वाहून गेली, लारजी धरणातून सोडलेलं पाणी अचानक आलं. तीर्थनच्या वाटेवर तुम्ही त्याच भागातून जाता. रस्त्यात बियासच्या कडेला फोटोसाठी खाली उतरायचं नाही, पाणी कितीही कमी दिसलं तरी. तीर्थनवर धरण नसलं तरी वर पाऊस पडला तर खाली कळायला वेळ लागत नाही. पाणी गढूळ व्हायला लागलं, काडीकचरा-पानं वाहून यायला लागली, काठावरचा ओला पट्टा बुडायला लागला, ह्यातलं एक जरी दिसलं तरी लाईन गुंडाळत बसू नका, आधी वर चढा.

आत उतरायचं ते गुडघ्यापर्यंत. बर्फाचं पाणी आहे, कंबरेला आलं तर उभं राहता येत नाही. हातात आधाराची काठी, एक पाय पक्का बसल्यावर दुसरा उचलायचा, प्रवाहाला तिरकं. शेवाळलेल्या दगडांवर साधे रबरी बूट घसरतात, खालून फेल्ट असलेले किंवा निदान चांगली पकड असलेले घ्या. पडलात तर उभं राहायचा प्रयत्न न करता पाठीवर, पाय पुढे, आणि काठाकडे हात मारा. एकट्याने वळणापलीकडे जायचं नाही, शिट्टी गळ्यात. चार वाजल्यावर ऊन डोंगरामागे गेलं की एकदम गार होतं, ओले मोजे बदलायला कोरडी जोडी आणि टॉवेल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बॅगेत ठेवा.

परत आल्यावर

बूट आणि नेट दुसऱ्या कुठल्याही पाण्यात घालायच्या आधी घासून धुवा आणि उन्हात कडकडीत वाळवा, एका नदीतलं काही दुसऱ्या पाण्यात जायला नको, हिप्परग्यात पण नाही. सोलापूरच्या उन्हात ते एका दिवसात होतं. लाईन मात्र उन्हात ठेवायची नाही. बादलीत कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्याचा साबण, मऊ फडक्यातून पूर्ण लाईन ओढून घ्यायची, सावलीत वाळवायची, आणि रीलवर सैल गुंडाळून कपाटात ठेवायची. गाडीच्या काचेखाली राहिली तर एका मे महिन्यात तिचं वरचं आवरण तडकतं, आमची एक तशी गेली, तीच आता मैदानावर वापरतो. नकली माशांचा डबा रात्रभर उघडा ठेवा, ओल राहिली तर गळ गंजतात आणि पुढच्या वेळी पहिल्याच माशाला तुटतात.